हृदयातले यंत्र साखर ओळखील काय?

मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर उतरली, की त्याच्या हृदयात आधीच बसवलेल्या यंत्राने ती ओळखून इशारा द्यावा, अशी एक कल्पना मांडली जाते. कल्पना आकर्षक आहे. ती कसोटीला कितपत उतरते, ते पाहू.

प्रथम जमेची बाजू. रक्तातील साखर दर 100 मिलिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली, की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते आणि रक्तातील पोटॅशियम घटते. मग प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्-स्थिती पूर्ववत् व्हायला अधिक वेळ लागतो. ई.सी.जी.च्या आलेखात क्यू-टी हे अंतर वाढते, टी-लहर चपटी होते. पेसमेकरसारखे यंत्र हृदयाचे विद्युत्-संकेत रात्रंदिवस टिपतच असते. गरजही खरी आहे. इन्शुलिन घेणाऱ्याला झोपेत साखर उतरलेली कळत नाही. टॅटरसॉल व गिल या ब्रिटिश डॉक्टरांनी 1991 साली अशा तरुण रुग्णांच्या अंथरुणातच झालेल्या आकस्मिक मृत्यूंकडे लक्ष वेधले होते.

मग उणीव कोठे? हे यंत्र साखर मोजत नाही, हृदयावरील परिणामावरून ती ताडते. मुंबईहून निघालेली गाडी बडनेऱ्याला उशिरा आली, एवढ्यावरून ती भुसावळला अडली की अकोल्याला, हे फलाटावरून सांगता येत नाही. क्यू-टी अंतरही काही औषधांनी, अन्य कारणाने पोटॅशियम घटल्याने किंवा हृदयाच्याच विकाराने वाढते. शिवाय पेसमेकर खालच्या कप्प्याला स्वतः ठोका देतो, तेव्हा आलेखाचे रूपच पालटते.

आता एक गणित वर्गात करून घ्यावे. दर 5 मिनिटांनी एक, अशा दिवसाला 288 तपासण्या होतात. समजा, साखर ठीक असताना यंत्र 100 पैकी 5 वेळाच चुकले. तरी रोज सुमारे 14 खोटे इशारे! ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या गावकऱ्यांप्रमाणे रुग्णही लवकरच लक्ष देईनासा होईल, आणि खरा इशारा वाया जाईल.

त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजणारे संवेदक आज मिळतात. त्यांचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, पण तो साखरेचाच असतो. म्हणून आमच्या मते, हृदयासाठी यंत्र ज्याला बसवावेच लागले आहे, त्याच्या बाबतीत ते दुसरा साक्षीदार म्हणून उपयोगी पडू शकेल. केवळ साखरेसाठी ते बसवणे समर्थनीय नाही.

नव्या यंत्राची कोणतीही बातमी वाचताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला शिकवावे: हे यंत्र मोजते काय, आणि ताडते काय?