चौदा बाय अकराची साथसंगत

गाण्याची खोली दाखवायला कुणी नेलं की बाकीचे भिंती पाहतात, मी आत पाऊल टाकून एक टाळी वाजवतो. वरोऱ्यात नव्या प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या घरांत त्या टाळीला ‘टर्रर्र’ असं पत्र्यासारखं उत्तर मिळतं, कारण समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती तिला एकमेकींकडे टोलवत बसतात. जुन्या वस्तीतल्या एका निवृत्त संगीतशिक्षकांच्या खोलीत मात्र टाळी स्वच्छ उमटते, मागे जराशी रेंगाळते आणि विरते. ते रेंगाळणं अर्ध्या सेकंदाचंही नसेल. या खोलीचं मोल त्या अर्ध्या सेकंदात आहे, आणि ते कसं साधलं ते उलगडून पाहावं असं मला फार दिवस वाटत होतं. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो.

खोली चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद. भिंती मातीच्या, दीड फूट जाडीच्या, वर गवताचा काला घातलेला गिलावा. छप्पर दुपाखी, कवेलूचं. कडेला आठ फूट आणि आढ्याखाली तेरा. कवेलूंच्या खाली बांबूचा तट्टा ताणलेला. जमीन सारवलेली. हे घर बांधणाऱ्याच्या मनात गाणं असण्याचा संभव नाही. त्याला ऊन आणि पाऊस अडवायचा होता. पण ध्वनिशास्त्र शिकलेल्या माणसाला कागदावर जे काढून दाखवावं लागलं असतं, ते इथे गवंड्याच्या हाताने आपोआप झालेलं आहे. हाताने लिंपलेली भिंत कुठे फुगीर, कुठे खोलगट, त्यामुळे समोरच्या भिंतीला ती काटेकोर समांतर नाही. छप्पर उतरतं, म्हणून जमीन आणि छत यांच्यातही आवाजाची टोलवाटोलवी होत नाही. भिंतीतले कोनाडे आणि एक फडताळ आवाजाला फोडून चार दिशांना पाठवतात. कवेलूंच्या फटींतून खर्जाचा बराच भाग सरळ आकाशात निघून जातो. या शेवटच्या गुणाची किंमत चुकवावी लागते, ते पुढे.

हॉर्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ साली एक तक्रार आली: फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणंच समजत नाही. त्याने ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचं साधन घेतलं, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, आणि एकेक गादी वाढवत घुमारा किती वेळात विरतो ते मोजत बसला. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका घुमारा लांब, आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका आखूड. बोस्टनचं १९०० साली उघडलेलं सिंफनी हॉल त्याच्याच हिशेबाने उभं राहिलं. मला या गोष्टीतली गादी फार आवडते. आपल्या बैठकीत गाद्या, लोड, तक्के आणि सतरंजी ही ऐसपैस बसायची सोय म्हणूनच मांडली जाते. पण त्या बैठकीचं गाणं त्या कापसानेच तर सुसह्य केलेलं असतं. गुरुजींच्या खोलीएवढी, दहा फूट उंचीची सिमेंटची रिकामी खोली सूत्रात घालून पाहिली तर घुमारा सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. त्यात द्रुत तानेचे दाणे एकमेकांत विरघळून लगदा होईल. तीच खोली पुरेशा गाद्या-पडद्यांनी अर्ध्या सेकंदावर आणता येते.

इथे एक धोका आहे आणि हल्ली तो घरोघर दिसतो. मुलाला गाण्याचा नाद लागला, मोबाइलवर स्टुडिओचे फोटो पाहिले, की काळ्या स्पंजच्या टोकदार लाद्या मागवल्या जातात आणि चारी भिंती मढवल्या जातात. ज्यांना ते परवडत नाही ते अंड्यांचे ट्रे चिकटवतात. ट्रेचं सोडून द्या. त्याने बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतला सुधारत नाही. स्पंजचं मात्र समजून घ्यायला हवं. एक इंच जाडीचा स्पंज हजार-दोन हजार कंपनांच्या वरचाच आवाज नीट खातो. तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी, घोडीवर दोरा बसवून जो स्वरांचा धूर आपण काढतो तो, नेमका त्याच टापूत आहे. आणि खर्जाची तार वाजते सत्तरच्या आसपास. तिच्यापर्यंत स्पंजचा हात पोचतच नाही. म्हणजे खोली जवारी गिळते आणि घूं-घूं तेवढी शिल्लक ठेवते. अशा खोलीत बसलेला गायक पाच मिनिटांत आवाज चढवू लागतो, कारण खोलीकडून काहीच परत येत नाही आणि आपलं गाणं त्यालाच पुरेनासं होतं. गळा थकतो, सूर वर सरकतो, आणि दोष रियाजावर जातो.

गुरुजींनी भिंतींना हात लावला नाही. त्यांनी कोपरे पाहिले. म्हणजे खरं तर पाहिले त्यांच्या एका पेटीवादक मित्राने, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो काठी टेकत खोलीभर फिरला, प्रत्येक कोपऱ्यात थांबून हलकेच हुंकार देत गेला आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यात म्हणाला, “इथं आवाज साचून रायला गुरुजी. इथं काही तरी भरा ना.” खर्ज कोपऱ्यांत साचतो, हे पुस्तकातलं वाक्य मला ठाऊक होतं, या माणसाला ते पावलांतून ठाऊक होतं.

भरायचं काय, हा प्रश्न वरोऱ्यात पडू नये. कापसाचा मुलूख आहे. गुरुजींनी धान्याच्या दोन जुन्या कणग्या काढल्या, बांबूच्या, पुरुषभर उंच, त्यांना आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं आणि सरकी काढलेली रुई सैलसर भरली. रुईला आधी टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्याचा हात दिला. त्याने कापूस पटकन पेट घेत नाही आणि किडेही दूर राहतात. परदेशी स्टुडिओंत कोपऱ्यांत उभे केलेले गोल खांब असतात, आत काचतंतू भरलेले, आणि त्यांची किंमत विचारली की माणूस गप्प होतो. ही कणगी म्हणजे तोच खांब. बाकी जे केलं ते थोडकं: पाठीमागच्या भिंतीवर सागाच्या चौकटीत चार इंच कापूस, वर जाडंभरडं हातमागाचं कापड, आणि चौकट भिंतीपासून चार इंच पुढे सरकवलेली. मागची ती मोकळी जागा फुकटची असून अर्ध्या कापसाइतकं काम करते. ज्याला ती सोडायचं सुचलं त्याला ध्वनी कळतो असं मी समजतो.

रुंदी अकरा फूट आहे हे भाग्य. आठ फुटांची असती तर मी गुरुजींना दुसरी खोली शोधायला सांगितलं असतं. आठ फुटांच्या अंतरावर समोरासमोर भिंती असल्या की त्या खोलीचा स्वतःचा असा एक सूर तयार होतो, सेकंदाला सत्तर कंपनांच्या जवळपास. आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज लागतो साधारण एकोणसत्तरवर. तार छेडली की खोली तिला मिठीच मारणार, आणि प्रत्येक आवर्तनात तो एकच स्वर बाकीच्या तिघांच्या डोक्यावर बसणार. दहा बाय दहा बाय दहा ही आपल्याकडची लाडकी खोली तर सर्वांत वाईट: लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच सुरावर हटून बसतात.

या सुराची एक गंमत वरोऱ्याच्या हवेमुळे लक्षात येते. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर ३५७ च्या वर. खोलीच्या मापांत फरक पडत नाही, पण तिचा सूर सहा टक्क्यांनी चढतो. सहा टक्के म्हणजे सा पासून कोमल ऋषभापर्यंतचं अंतर. पत्र्याच्या खोलीत हे प्रत्यक्ष घडतं. जाड मातीच्या भिंतीत दिवसाचा चढउतार बराच दबतो, म्हणून गुरुजींच्या खोलीचा स्वभाव वर्षभर त्या मानाने स्थिर असतो. तबल्याची मात्र सुटका नाही: उन्हाळ्यात पुडी ताणून चढते, आषाढात ओल धरून उतरते आणि हातोडी हातातून सुटत नाही.

उन्हाळ्याबरोबर कूलर आला. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कूलरशिवाय बसायला सांगणं म्हणजे गायकाचा छळ, आणि कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण करणं हा श्रोत्याचा. गुरुजींनी मार्ग काढला तो वेळेचा: उन्हाळ्यात मुद्रण पहाटे, बाकी ऋतूंत हवं तेव्हा. पहाटे बाहेरून इन्व्हर्टरची घरघर मात्र स्पष्ट ऐकू येई. आपली वीज पन्नासच्या आवर्तनाची, तिची घरघर शंभरवर. काळी एकच्या हिशेबात शंभर हा स्वर तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली पडतो, म्हणजे कोणत्याही रागात त्याला जागा नाही. पांढरी एकमध्ये तो चढा पंचम, हे आणखी वाईट. कान त्याला पंचम समजून फसतो. इन्व्हर्टर आता परसातल्या न्हाणीच्या मागे गेला आहे.

आणि आता कवेलूच्या फटींची किंमत. छपरातून खर्ज बाहेर जातो, तसा बाहेरचा आतही येतो. नागपूर-बल्लारशाह मार्ग गावाला लागून, त्यावर कोळशाच्या मालगाड्या. एकोणिसाव्या शतकात या गावापर्यंत रेल्वे आली तीच मुळी कोळशासाठी. मालगाडीचा थरार जमिनीतून येतो. कापूस, स्पंज, पडदे, कशालाही तो जुमानत नाही. खोलीतला आवाज शोषणं एक आणि बाहेरचा रोखणं दुसरं; दुसऱ्यासाठी वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. पेटीखाली ठेवलेलं जुनं तख्तपोश तर थरार वाढवून दाखवी, शिवाय डग्ग्याची प्रत्येक थाप पोकळीत घुमे. त्याच्या पोटात वाळूची पोती रचल्यावर दोन्ही दोष बरेच शमले. गाडी यायची तेव्हा येतेच. एका मुद्रणात विलंबित ख्यालाच्या दुसऱ्या आवर्तनात ती स्पष्ट ऐकू येते, आणि मला ती खटकत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं ते हॉटेलच्या खोल्यांत तात्पुरती मांडामांड करून; कर्ण्यात तोंड घालून, जेमतेम तीन मिनिटांत. ज्या कलेचं ध्वनिमुद्रण असं सुरू झालं तिला एका मालगाडीने बाट लागू नये.

खोली असण्याचं अप्रूप मला कदाचित या मुलखामुळे जास्त वाटत असेल. झाडीपट्टीचं नाटक दिवाळीनंतर सुरू होतं, वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्र जागवतात, पण ते सगळं उघड्यावर. रंगमंचावर माइक वरून टांगलेले; पद म्हणायचं तर नट त्यांच्याखाली येऊन उभा राहतो, आणि गळा त्या अंतराच्या हिशेबाने फेकायला शिकतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचं थोडं लक्ष गेलं, पण तिथल्या संगीताला लाभलेल्या या विशाल, भिंतीविना अवकाशाबद्दल कुणी बोललं नाही. गावाला लागून असलेल्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंदही मोठ्या मैदानांवर, मोठ्या स्पीकरांतून गाणारा. मैदानातून गायकाकडे काहीच परत येत नाही. स्वतःचा आवाज त्याला पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधूनच ऐकावा लागतो. त्या गाण्याची मजा वेगळी, तयारीही वेगळी. गुरुजींच्या खोलीत मॉनिटर नाही. तिथे भिंतच तेवढा आवाज परत देते.

मुद्रणाची बैठक खोलीच्या बरोबर मध्यावर मांडलेली नाही, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. मध्यावर खर्ज हरवतो, भिंतीला टेकून बसलं तर तोच माततो. म्हणून गायक मागच्या भिंतीपासून पाचेक फुटांवर. सतरंजी त्याच्यापुरतीच, पुढची सारवलेली जमीन उघडी, कारण तिच्यावरून उठून येणारा आवाज माइकला हवा आहे. माइक ओठांपाशी नाही, अडीच-तीन फुटांवर. एवढ्या अंतरावर श्वास घेतल्याचं कळतं पण तो अंगावर येत नाही, आणि गळ्याबरोबर खोलीही मुद्रित होते. वाईट खोलीत हे धाडस करता येत नाही. तिथे माइक ओठांना लावायचा आणि घुमारा नंतर संगणकातून घालायचा. गुरुजींच्या एका विद्यार्थिनीचा मारवा मी दोन्ही तऱ्हांनी मुद्रित झालेला ऐकला आहे. जवळच्या माइकवर कोमल ऋषभ अचूक आहे. दूरच्या माइकवर तो अचूक आहे आणि शिवाय षड्जाला टाळून तो जिथे अधांतरी राहतो ती पोकळीही ऐकू येते, कारण तंबोऱ्याचा षड्ज बाजूने नव्हे, चारी भिंतींकडून येत असतो.

राहिली उत्तरेची खिडकी. गुरुजींचा मुलगा पुण्यात ध्वनिमुद्रणाचंच काम करतो. त्याचं म्हणणं, तिथे दोन काचा बसवा, एक सहा मिलिमीटरची, एक दहाची, मध्ये चार इंच अंतर, म्हणजे दोन्ही एकाच सुराला थरथरणार नाहीत. शास्त्र त्याच्या बाजूचं आहे. माझं मत विरुद्ध आहे: छपरात शंभर फटी असताना खिडकी सीलबंद करून आवाज फारसा अडणार नाही, हवा मात्र नक्की अडेल, आणि दुपारी चारच्या सुमाराला तंबोऱ्याच्या तारा उतरू लागतील. गुरुजींनी तूर्त तिथे जुनी गोधडी टांगली आहे आणि मुलाने काचांचे पैसे पाठवून ठेवले आहेत.