दातांत धरायची कारागिरी

हाताने घडवलेल्या पाइपची तारीफ बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. पाइप हातात आला की लोक आधी लाकूड बघतात: बुडापासून काठापर्यंत चढत गेलेल्या सरळ रेषा, कडेला दाटीने उमटलेले बारीक ठिपके. देखणं असतंच ते. पण त्यातलं निम्मं श्रेय भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका अर्बोरिया या झुडपाचं. त्याच्या मुळाशी येणाऱ्या गाठीत ही नक्षी आधीपासूनच असते. कारागीर ती हेरतो आणि बिघडू देत नाही. त्याचा हात किती तयार आहे हे वाचायचं असेल, तर नजर मागच्या काळ्या नळीकडे, स्टेमकडे न्यावी. ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. त्याच्या कांडीला ना रेषा ना पोत. तिथे जे दिसतं ते सगळं हाताचं. (तंबाखू मी ओढत नाही आणि कुणी ओढावी असंही म्हणणार नाही. इथे रस आहे तो फक्त कारागिरीत.)

वाचन सांध्यापासून सुरू करावं. स्टेमच्या टोकाची खुंटी लाकडाच्या भोकात बसते. बाहेरून बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं आणि रबर कुठे सुरू झालं हे नखालाही कळू नये. दोन्ही भाग एकत्र बसवूनच घासलेले असतात, त्यामुळे सरळ स्टेम उलटं बसवलं की तीच जागा खटकते. लंडनच्या डनहिलने 1915 पासून स्टेमवर पांढरा ठिपका द्यायला सुरुवात केली, ती गिऱ्हाइकाला वरची बाजू कळावी म्हणून. पुढे तो ठिपका ब्रँडची खूण झाला, ही गोष्ट वेगळी.

खरी करामत मात्र आत आहे. हवेची वाट खुंटीपाशी साधारण 4 मिलिमीटर व्यासाची, गोल. तोंडाशी येईपर्यंत तिची चपटी, पंख्यासारखी पसरलेली फट व्हायला हवी. हिशेब सोपा आहे. गोल भोकाचं क्षेत्रफळ भरतं साडेबारा चौरस मिलिमीटर. फटीची उंची दीड मिलिमीटर ठेवली, तर तेवढीच जागा राखायला ती 8 मिलिमीटरहून जास्त रुंद करावी लागते. वाट मध्येच आवळली की ओढताना शीळ वाजते आणि धुरातला ओलावा साचून गुडगुड सुरू होते. पाइप साफ करायची केसाळ तार तोंडाकडून घातली आणि ती कुठेही न अडखळता आत गेली, तर हा भाग जमला म्हणायचा.

आता बाहेरून बघू. दातांत धरायच्या जागी स्टेमची पूर्ण जाडी असते सुमारे 4 मिलिमीटर. त्यातून दीड मिलिमीटरची पोकळी वजा केली की वर आणि खाली सव्वा-सव्वा मिलिमीटरची भिंत उरते. कानशीचे चार हात जास्त पडले तर भिंत दातांचा जोर सोसत नाही. म्हणूनच नवशिक्याचं स्टेम लांबून ओळखू येतं: ते जाड असतं. त्या जाडीत त्याची भीती दिसते. पुढच्या टप्प्यावर हात धीट होतो, स्टेम बारीक होतं, पण एका अंगाला झुकतं. कारण उजव्या हातातली कानस प्रत्येक फेऱ्यात किंचित कलत असते आणि ते हाताला कळतच नाही. त्याही पुढे गेलेला माणूस वेगळ्या ठिकाणी सापडतो. दातांना अडकायला शेवटी जो कंगोरा ठेवतात, ज्याला बटन म्हणतात, त्याच्या मुळाशी कोपरा नीट कातरलेला हवा. तो सँडपेपरने घासून गुळगुळीत करायचा मोह फार मोठा असतो. मग चकाकी येते, पण धार जाते. मुरलेला कारागीर आकार कानशीवरच पुरा करतो. पेपर फक्त ओरखडे काढण्यापुरता.

हे पुस्तकातून येत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे तारांखालची घोडी अशीच कानशीने घासत जातात, तार छेडून बघतात, पुन्हा घासतात. किती घासायचं ते कानच सांगतो. स्टेमवाल्याचा न्यायाधीश ओठ. शिकणाऱ्याने बिघडलेलं स्टेम फेकण्याऐवजी करवतीने उभं चिरून बघावं, असं मला वाटतं. भिंत कुठे पातळ झाली, दोन बाजूंनी पाडलेली भोकं कुठे चुकली, सगळं उघडं पडतं. नवं करण्यापेक्षा हे चिरलेलं जास्त शिकवतं.

बिघडलेलं कसं शिकवतं याचं एक उदाहरण. डॅनिश पाइपला नाव मिळवून देणारा सिक्स्टेन इवारसन (1910–2001) मूळचा स्वीडनचा. कोपनहेगनमध्ये मोडलेला पाइप दुरुस्तीला घेऊन गेला, मीच दुरुस्त करू का म्हणून विचारलं आणि त्याच दुकानात कामाला लागला, अशी हकीकत सांगतात. त्याचे आकार, स्टॅनवेल या पाइप-कंपनीसाठी केलेली डिझाइनं, यांचं कौतुक खूप झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते दुरुस्तीचं टेबल. तिथे रोज दुसऱ्या कुणीतरी केलेलं, दुसऱ्या कुणीतरी चावलेलं स्टेम समोर येतं आणि प्रत्येक वेळी नव्या मापाशी जुळवून घ्यावं लागतं. पुढे मुलगा लार्स आणि नात नाना यांनीही हेच काम धरलं.

सगळ्यात शेवटी वाक. स्टेम तापवून, आतली वाट चेपू नये म्हणून तीत तार ठेवून, अंदाजाने वाकवतात. बघणाऱ्याला हीच जादू वाटते, पण खरं तर सगळ्या कामात सवलत इथेच आहे. एबोनाइट पुन्हा तापवलं की आपसूक सरळ होऊ लागतं. वाक चुकला तर परत करता येतो. कानशीने नेलेलं परत येत नाही. तेव्हा पाइप पारखताना वाकावर भाळण्याआधी स्टेम आडवं धरून बटनापाशी त्याची जाडी बघावी.