लूट, लय आणि व्यसन : ‘डिआब्लो’ या भूमिकाक्रीडेचे परीक्षण

१

पडद्यावरील खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन टोकांची असते. पालक व शिक्षक त्यांना व्यसन म्हणून निकालात काढतात; खेळणारा तरुण त्यांना निव्वळ विरंगुळा म्हणून पाठीशी घालतो. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे, ती ही की खेळाच्या रचनेकडे कोणीच पाहत नाही. कादंबरीविषयी असाच वाद एके काळी आपल्याकडे झाला. कादंबरीवाचनाने तरुण मने बिघडतात, असे म्हणणाऱ्यांना आणि तिची भलावण करणाऱ्यांना बाजूला सारून जेव्हा तिच्या घडणीचा विचार सुरू झाला, तेव्हाच त्या प्रकाराची खरी समीक्षा जन्मास आली. ज्या भूमिकाक्रीडांत खेळणारा एखाद्या योद्ध्याचे सोंग घेऊन तासन् तास युद्ध करतो, त्यांचीही तशीच तपासणी होणे अगत्याचे आहे.

नांदेड व लातूर या शहरांत असे खेळ मुख्यतः भ्रमणध्वनीवर खेळले जातात. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचा कन्सोल त्या मानाने थोड्या घरांत आढळतो. तथापि समीक्षेच्या दृष्टीने कन्सोलवरील खेळ अधिक उद्बोधक आहे. एक तर तो घराच्या बैठकीत, सर्वांच्या देखत चालतो. दुसरे असे की, ‘डिआब्लो’ या विख्यात मालिकेने कन्सोलवर दहा वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी रूपे धारण केली. त्या रूपांची तुलना केली असता व्यसनाचे मूळ कथेत आहे, चित्रांत आहे की अन्यत्र कोठे, याचा पुष्कळसा उलगडा होतो.

२

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. १९८० साली ‘रोग’ नावाचा एक खेळ निघाला. त्यात भुयाराचा नकाशा दर खेपेस नव्याने, यदृच्छेने तयार होत असे आणि खेळणारा व राक्षस बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाल करीत. १९९६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘डिआब्लो’ने यदृच्छेचे हे तत्त्व कायम ठेवले, परंतु आळीपाळी काढून टाकली. त्याचा प्रमुख रचनाकार डेव्हिड ब्रेव्हिक या बदलास प्रथम राजी नव्हता. पण बदल करून पाहताच खेळाचा स्वभावच पालटला. चाल आणि प्रतिचाल यांच्यामधला विचार करण्याचा अवकाश नाहीसा झाला आणि त्याची जागा हाताच्या अखंड हालचालीने घेतली.

कथा म्हणावी तर साधीच आहे. एका उजाड गावाखाली भुयारे आहेत, भुयारांच्या तळाशी सैतान आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे आहे. २०१२ सालच्या तिसऱ्या भागात व २०२३ सालच्या चौथ्या भागात हा पट विस्तारला. चौथ्या भागातील लिलिथ ही सैतानकन्या आणि मानवी जगाची जननी असल्याने तिच्या व्यक्तिरेखेत काही खरे नाट्यही आले आहे. परंतु खेळणाऱ्याच्या शेकडो तासांपैकी कथेच्या वाट्याला फार थोडे येतात. उरलेला सारा काळ एकाच चक्रात जातो : राक्षस मारावयाचे, त्यांच्या अंगातून पडलेली शस्त्रे व चिलखते गोळा करावयाची, हातातल्या शस्त्राशी त्यांची तुलना करावयाची, हिणकस ते टाकावयाचे, सरस ते धारण करावयाचे आणि अधिक बलाढ्य राक्षसांकडे वळावयाचे. या मिळकतीला इंग्रजीत जो शब्द आहे तो आपल्याच ‘लूट’ या शब्दावरून गेलेला आहे. वस्तू कोणती पडेल हे आधी कळत नाही. साधी पांढरी, मग निळी, पिवळी, आणि क्वचित कधी नारिंगी प्रकाशाचा खांब उभा राहतो. त्या खांबाची वाट पाहणे हाच खेळणाऱ्याचा खरा उद्योग असतो.

१९५७ साली फर्स्टर व स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी बक्षिसाच्या वेळापत्रकांविषयीचे आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. बक्षीस ठरावीक कृतींनंतर न देता अनिश्चित संख्येच्या कृतींनंतर दिले, तर प्राणी सर्वांत चिकाटीने कृती करीत राहतो, असे त्यांत दिसून आले. नारिंगी खांबाची योजना याच तत्त्वावर उभी आहे. परंतु एवढ्यावर थांबणे बरोबर नाही. मासेमारीतही मासा कधी गळाला लागेल हे अनिश्चित असते, म्हणून मासेमारीला कोणी व्यसन म्हणत नाही. अनिश्चिततेच्या भोवती खेळाची कोणती व्यवस्था उभारली आहे, हे पाहिले पाहिजे.

३

तिसरा भाग २०१२ साली प्रथम संगणकावर आला, तेव्हा तो खेळण्यास सतत जोडणी आवश्यक होती. त्यात एक लिलावगृहही होते. मिळालेली शस्त्रे खेळातल्या सुवर्णमुद्रांनी, आणि काही काळाने खऱ्या पैशानेही, तेथे विकता येत. परिणाम असा झाला की, राक्षसाच्या अंगातून जे पडे त्यापेक्षा बाजारात नेहमीच अधिक चांगले मिळू लागले आणि युद्धाचे प्रयोजन उरले नाही. लिलावगृहामुळे खेळाचा गाभाच दुबळा झाला, अशी कबुली निर्मात्या ब्लिझर्ड कंपनीने दिली आणि १८ मार्च २०१४ रोजी ते बंद केले.

याच्या मधल्या काळात, सप्टेंबर २०१३ मध्ये, हाच भाग प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या कन्सोलवर आला. कथा तीच, राक्षस तेच, योद्धेही तेच. परंतु येथे लिलावगृह नव्हते. जोडणीवाचून खेळता येत होते. लूट संख्येने कमी पण गुणाने सरस पडत होती. चार माणसे एकाच पडद्यासमोर बसून एकाच युद्धात उतरू शकत होती. चौघांची पात्रे एकाच चौकटीत असल्याने एकाला पुढे धावून चालत नसे आणि एकाने शस्त्रांची यादी उघडली की बाकीच्यांना थांबावे लागे. ही अडचण खेळणाऱ्यांना जाचक वाटत असेल. परंतु माणसाच्या उपस्थितीने खेळाला घातलेला तो एक लगाम होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

२०२३ सालच्या चौथ्या भागात चित्र पालटले. आता कन्सोलवरही जोडणीवाचून खेळता येत नाही. एका पडद्यासमोर चारांऐवजी दोघेच बसू शकतात. दर काही महिन्यांनी नवा ‘हंगाम’ सुरू होतो, त्यात नवे पात्र घेऊन पुन्हा तळापासून चढावे लागते, आणि बाह्य शोभेच्या वस्तू खऱ्या पैशाने विकण्याचे दुकान खेळातच थाटलेले असते. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेथे या व्यवस्थेचा अर्थ तत्काळ कळतो. या खेळात असा एक कठोर प्रकार आहे की ज्यात पात्र एकदा मेले की कायमचे मरते. जोडणी तुटली आणि पात्र शत्रूंच्या गराड्यात सापडले, तर शेकडो तासांचे संचित खेळणाऱ्याचा कोणताही प्रमाद नसता नष्ट होऊ शकते. ज्या खेळात आपले संचित आपल्या घरात नसून परक्याच्या यंत्रात आहे, त्याचा स्वामी खेळणारा नव्हे.

या तुलनेतून एक गोष्ट निष्पन्न होते. कथानकाची जात बदललेली नसता एका रूपात खेळ घरातील माणसांना एकत्र आणतो आणि दुसऱ्या रूपात खेळणाऱ्याला हंगामाच्या वेळापत्रकाला जुंपतो. तेव्हा राक्षसांना, रक्तपाताला किंवा अद्भुताला दोष देणे व्यर्थ आहे. दोष असेल तर तो हिशेबाच्या रचनेत आहे.

४

हीच गोष्ट सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत मांडता येते. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या लयीचे संवाद, विरोध व समतोल असे तीन नियम सांगितले. ‘डिआब्लो’च्या एखाद्या भुयाराचा स्वतंत्र विचार केला तर त्यात संवाद आहे आणि विरोधही आहे. शांत दालनानंतर शत्रूंची झुंड, झुंडीनंतर एकाकी बलाढ्य वैरी, आणि त्यानंतर क्षणभराची निःशब्दता, ही रचना कुशल हातांचीच आहे. परंतु समतोलासाठी कृतीला शेवट असावा लागतो. तिसऱ्या भागात २०१२ साली परिपूर्णतेच्या पायऱ्या शंभरावर थांबविलेल्या होत्या. २०१४ साली ती मर्यादाही काढून टाकण्यात आली आणि शिडीला माथा उरला नाही. ज्या क्षणी समतोल साधावा त्याच क्षणी खेळ अडचणीची पातळी वाढवितो आणि विरोध पुन्हा सुरू होतो. भागांना लय आहे, संपूर्णाला नाही.

यावर असा आक्षेप येईल की, पुनरावृत्ती आपल्या संस्कृतीला परकी नाही. ग्रंथाचे पारायण होते, वारी दर वर्षी होते, नामस्मरण तर पुनरावृत्तीवरच उभे आहे. आक्षेप विचारार्ह आहे, परंतु टिकणारा नाही. पारायणात मजकूर तोच राहतो आणि बदलावयाचा असतो तो वाचणारा. या खेळात खेळणारा तोच राहतो आणि बदलतो तो आकडा. शिवाय पारायणाला समाप्ती असते आणि वारीला पंढरपूर असते.

५

मग हा आकडा इतका प्रिय का होतो? याचे उत्तर खेळात जितके आहे तितकेच खेळाबाहेरच्या जीवनात आहे. लातुरात प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहतात. दोन वर्षांचे श्रम एका दिवसाच्या परीक्षेवर लागलेले असतात आणि श्रमाच्या प्रमाणात फळ मिळेलच, याची शाश्वती कोणी देत नाही. कोरडवाहू शेतीची स्थिती याहून वेगळी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे श्रम आणि फळ यांचा संबंध किती सैल असतो, हे सांगण्याची गरज नाही. खेळाचे जग मात्र वचन देते की, येथे एकही घाव वाया जाणार नाही. प्रत्येक घावाची नोंद होईल आणि पट्टी थोडी तरी पुढे सरकेल. फळाची अपेक्षा सोडून कर्म करावे ही गीतेची शिकवण जेथे लहानपणापासून कानी पडते, तेथे कर्मागणिक फळ देणारे हे यंत्र मोहक वाटावे यात नवल नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला शेवटी फासे टाकून शेती करण्याचा उपदेश आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला तो उपदेश करताना मात्र उपदेशकाने क्षणभर थांबले पाहिजे, कारण त्याच्या दृष्टीने अधिक अनिश्चित डाव शेतातच मांडलेला असतो.

म्हणून व्यसनाचा संपूर्ण ठपका खेळणाऱ्याच्या दुर्बलतेवर ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात खेळविषयक विकाराचा समावेश केला आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कर्तव्यांहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. त्यामुळे रात्री दोन वाजेपर्यंत जागलेल्या प्रत्येक मुलाला हा शब्द लावणे अन्यायाचे होईल.

६

या प्रश्नाला मराठी वाङ्मयाच्या अगदी प्रारंभी एक विलक्षण प्रकाश देणारा प्रसंग आहे. ‘लीळाचरित्रा’तील चक्रधरांच्या पूर्वचरित्रात हरिपाळदेव या गुजरातेतील प्रधानपुत्राची हकीकत येते. त्याला द्यूताचा नाद होता. तो हरला, देणे झाले, आणि ते फेडण्यासाठी त्याने पत्नीजवळ तिचे अलंकार मागितले. तिने नकार दिला. पुढे देणे पित्याने चुकते केले, पण हरिपाळदेवाचे मन संसारावरून उडाले ते कायमचे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघाला आणि ऋद्धिपुरास त्याला गोविंदप्रभू भेटले. या परंपरेची एक कडी नांदेड जिल्ह्यातील माहूरशीच जोडलेली आहे, कारण चांगदेव राऊळांना दत्तात्रेयांचा अनुग्रह तेथेच झाल्याचे महानुभाव मानतात.

हा प्रसंग बारकाईने पाहावा. हरिपाळदेवाला जागे केले ते पराभवाने नव्हे. द्यूतात तो पूर्वीही हरला असेल. त्याला जागे केले ते नकाराने. डावाला पणाची मर्यादा होती, पण संपल्यावर खेळाबाहेरच्या माणसाकडे जावे लागले आणि त्या माणसाने ‘नाही’ म्हटले. द्यूतात विनाशाचे बीज होते, तसेच सुटकेचेही होते, कारण हरणाऱ्याला केव्हा तरी घरच्यांच्या समोर उभे राहावे लागे.

‘डिआब्लो’सारख्या खेळात हा क्षणच येत नाही. येथे अलंकार मागावे लागत नाहीत. पणाला लागतो तो केवळ वेळ, आणि वेळ कोणाजवळ उसना मागावा लागत नाही. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्याने पैशाचे डाव निषिद्ध ठरविले. इतर खेळांना मुभा ठेवली. कायद्याच्या दृष्टीने हा भेद योग्यच आहे. परंतु ज्या डावात पैसा हरला जात नाही त्यात काहीच हरले जात नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. पैशाचे देणे दिसते, वेळाचे दिसत नाही; म्हणून नकार देणारे माणूसही वेळेवर पुढे येत नाही.

या खेळांचे मूल्यमापन करताना कथेची उंची किंवा चित्रांचे सौष्ठव एवढेच मोजून भागणार नाही. त्या रचनेत शेवटाला जागा आहे काय, आणि खेळाबाहेरच्या माणसाला आत बोलण्यास जागा आहे काय, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. २०१३ सालच्या कन्सोलवरील रूपात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी होकारार्थी होते, कारण शेजारी बसलेला भाऊ ‘आता पुरे’ म्हणू शकत होता आणि तो उठला की चौकटीतून एक योद्धाही उठत होता. पुढील रूपाने ती जागा आक्रसून टाकली. खेळ वाईट म्हणून तो बंद करा, असे सांगणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण ज्या बैठकीत तो चालतो तेथे नकाराचा अधिकार कोणाकडे उरला आहे, हे दाखवून देणे तिचे काम आहे. मराठी गद्याच्या उगमाशीच एका स्त्रीचा असा नकार नोंदलेला आहे, हे या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.