वातोचा ‘प्येरो’ : विदूषकाच्या विषण्णतेचा पुनर्विचार

प्रस्तावना :

हसविणाऱ्याच्या अंतःकरणात दुःख दडलेले असते, हे विधान आपल्या नाट्यविषयक लेखनात इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. सोंगाड्या असो वा विदूषक, त्याच्या कलेपेक्षा त्याच्या वैयक्तिक हालअपेष्टांचीच चर्चा अधिक होते. या गृहीतकाचे युरोपीय चित्रकलेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे झां आंत्वान वातो (१६८४–१७२१) याचे ‘प्येरो’ हे चित्र होय. ‘झील’ या नावानेही ते ओळखले जाते. या चित्रातील विषण्णता नेमकी कोठून येते, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

चित्राची रचना :

सुमारे १७१८–१९ मधील हे तैलचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची उंची सुमारे १८५ सेंटिमीटर असल्याने प्येरो जवळजवळ पुरुषभर उंचीचा भासतो. पांढऱ्याशुभ्र सॅटिनचा अंगरखा त्याला नीट बसलेला नाही. बाह्या लांब असल्याने त्यांच्या चुण्या पडल्या आहेत, तर विजार आखूड आहे. दोन्ही हात बाजूंना नुसते लोंबत आहेत. डोक्यामागे गोल टोपीची कड तेजोवलयासारखी दिसते. तो कोणताही अभिनय करीत नाही, केवळ आपल्याकडे पाहत उभा आहे. मागे, खालच्या पातळीवर, गाढवावर बसलेला डॉक्टर आणि इतर पात्रे दिसतात. त्यांची शरीरे अर्धीच दिसतात व त्यांचा काही खेळ चालू असावा असे वाटते. त्या खेळात प्येरोला स्थान नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्येरोच्या चेहऱ्यावर दुःखाची कोणतीही ठळक खूण नाही. अश्रू नाहीत, कपाळावर आठी नाही. विषण्णता निर्माण होते ती रचनेतून. प्रवेश, संवाद व सहपात्रे काढून घेतल्यावर नटाजवळ उरतो तो फक्त वेश, आणि तोही बेमापाचा.

नाट्यसंदर्भ :

प्येरो हा इटालियन ‘कोम्मेदिआ देल्लार्ते’ या परंपरेतून फ्रेंच रंगभूमीवर रुजलेला भोळा नोकर. चौदाव्या लुईने १६९७ मध्ये इटालियन नटमंडळींना पॅरिसमधून घालवून दिले. १७१६ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. मधल्या काळात ही पात्रे जत्रांमधील तंबूंत जगली. तेथे संवादांवर बंधने आल्याने नटांनी मूकाभिनयाचा आश्रय घेतला. प्रेक्षकांसमोर निःशब्द उभे राहणे हा या परंपरेतील नटाच्या व्यवसायाचाच भाग होता.

दुसरा मुद्दा कालक्रमाचा. एकोणिसाव्या शतकापूर्वी या चित्राचा लेखी उल्लेख आढळत नाही. त्याच शतकात झां-गास्पार दब्युरो या मूकाभिनेत्याने पॅरिसमध्ये प्येरोला नवे रूप दिले आणि कवी व चित्रकारांनी त्याला कलावंताच्या एकाकीपणाचे प्रतीक बनविले. ही नवी दृष्टी जुन्या चित्रावर आरोपित झाली. त्यात वातोचे क्षयाने झालेले अकाली निधन मिळविले की आत्मचरित्रात्मक अर्थ आयताच हाती येतो. वास्तविक हे चित्र एखाद्या नटाच्या कॅफेची पाटी असावे, असाही एक तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तसे असेल, तर ज्या आकृतीपुढे आपण हळहळतो ती मुळात गिऱ्हाइकाला बोलावीत होती!

मराठी संदर्भ :

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. नवी मुंबईत वाशीचे नाट्यगृह त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यांच्या नाटकांत आरंभी सूत्रधारापाठोपाठ विदूषक येई. दशावतारातील काळ्या वेशातला संकासुर किंवा तमाशातील सोंगाड्या यांचेही तसेच आहे. त्यांना समोर कोणीतरी बोलणारा लागतो. त्यांचा विनोद सवाल-जबाबातच जन्मतो. समजा, सोंगाड्याला वगातून बाहेर काढून एकट्यानेच कॅनव्हासवर उभे केले, तर तोही उदासच दिसेल. परंतु ती उदासी त्याच्या अंतःकरणाची नसून त्याला खेळातून तोडल्याची असेल.

निष्कर्ष :

‘प्येरो’ मधील विषण्णता खरी आहे; मात्र ती नटाच्या वा चित्रकाराच्या चरित्रात नसून रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधील रिकाम्या जागेत आहे. वातोचे मोठेपण ती जागा रंगविण्यात आहे. लोककलावंताच्या हालअपेष्टांविषयी सहानुभूती अवश्य असावी. तथापि ती त्याच्या कलेच्या विश्लेषणाला पर्याय ठरू नये. वर्गात सोंगाड्या शिकविताना त्याचे दुःख सांगण्याआधी त्याचे कसब सांगणे, हाच त्याचा खरा सन्मान होय.