उत्क्रांतितत्त्व आणि मराठी समाजचिंतन

गेल्या वर्षीची गोष्ट. मनुष्यसमाजाच्या अभ्यासावर डार्विनच्या सिद्धांताचा काय परिणाम झाला, या विषयावर वर्गात व्याख्यान झाले; मुले उठून गेली; एक विद्यार्थिनी मात्र मागे थांबली. तिने विचारले, "सर, लायक असेल तेच टिकते हा सृष्टीचा नियम असेल, तर आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिली, तेही त्या नियमानेच झाले म्हणायचे का?" तिच्या स्वरात राग नव्हता; शास्त्राने दिलेला निकाल ऐकून घेण्याची तयारी होती, आणि तीच माझ्या मनाला अधिक लागली. त्या वेळी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रश्न तिचा असला तरी त्यातील गैरसमज तिचा नाही. तो शेसव्वाशे वर्षांच्या लेखनातून आणि बोलण्याचालण्यातून तिच्यापर्यंत पोहोचलेला आहे. तो कोठून आला आणि आपल्यापैकीच काही अभ्यासकांनी तो कसा दूर केला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ शब्दापासूनच करणे बरे. 'उत्क्रांती' हा शब्द वेदांतग्रंथांत जीवाने देह सोडून निघून जाणे या अर्थी येतो. नव्या पाश्चात्त्य कल्पनेसाठी मराठीने तो स्वीकारला, तेव्हा 'उत्' या उपसर्गातील वर चढण्याचा भाव त्याच्याबरोबर आपसूक आला. 'विकासवाद' हा दुसरा पर्याय. त्यातही कळीचे फूल होण्याची, म्हणजे आधीच ठरून गेलेल्या पूर्णतेची कल्पना आहे. परंतु १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथात आकृती अशी एकच आहे, आणि ती फांद्यांनी पसरत जाणाऱ्या वृक्षासारखी आहे. फांद्या फुटतात, पुष्कळशा वाळून जातात, थोड्या टिकतात. पण कोणतीही फांदी दुसरीची पायरी नसते. आजचे माकड हा मनुष्याचा मागे राहिलेला पूर्वज नव्हे. दोघांच्या फांद्या एका जुन्या खोडातून निघाल्या, एवढेच. तसेच 'लायकी'चे. काळोख्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माशांचे डोळे जातात, आणि त्या काळोखापुरता तो आंधळा मासाच लायक ठरतो. यात थोरवीचा किंवा न्यायाचा निवाडा कोठेही नाही.

मग शिडी आली कोठून? ती मुख्यतः हर्बर्ट स्पेन्सरकडून आली. प्रगतीच्या नियमावरील त्याचा निबंध १८५७ सालचा, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्याही आधीचा आहे. 'लायक तेच टिकते' हे सूत्रही त्याचेच. ते त्याने १८६४ साली योजले, आणि डार्विनने १८६९ च्या आवृत्तीत ते उसने घेतले. पुढे १८७७ साली अमेरिकन पंडित मॉर्गन याने वन्य, रानटी आणि सुधारलेली अशा तीन अवस्थांतून सर्व मानवजात क्रमाने चढत जाते, असे प्रतिपादन केले. अशा रीतीने वृक्षाचा सोपान झाला. आणि सोपान मांडणारे स्वतः वरच्या पायरीवर उभे राहिले, हे सांगावयास नकोच.

महाराष्ट्रात जो विचार प्रथम रुजला तो हा स्पेन्सरचा. गोपाळ गणेश आगरकर यांनी महाविद्यालयात असतानाच मिल्ल आणि स्पेन्सर यांचे वाचन केले होते, आणि १८८८ साली निघालेल्या 'सुधारका'तील निबंधांवर त्या वाचनाचा ठसा उमटलेला आहे. त्यांच्या 'देवतोत्पत्ति' या निबंधाचे नावच बोलके आहे: देवतांनाही उत्पत्ती आहे, म्हणजे इतिहास आहे. जे कालाने घडविले ते अपौरुषेय नव्हे, आणि जे अपौरुषेय नव्हे ते मनुष्याला बदलता येते, हा निष्कर्ष त्या काळी किती धाडसाचा होता हे आज सहज ध्यानात येत नाही. विधवेचे केशवपन काय किंवा बालविवाह काय, या रूढींच्या बुडाखालचा शाश्वततेचा पाया या विचाराने काढून घेतला. सोपानाचा हा उपकार मान्य केलाच पाहिजे. मात्र त्याच सोपानावर उभे राहून उलट युक्तिवादही करता येतो: समाज आपल्या गतीने चढतो, त्यास ढकलू नये, जो खालच्या पायरीवर आहे तो तेथे असण्यास पात्र आहे. स्पेन्सर स्वतः दुबळ्यांस सरकारी साहाय्य देण्याच्या विरुद्ध होता. एकाच तत्त्वातून सुधारकास शस्त्र आणि सनातन्यास ढाल मिळावी, यावरून त्या तत्त्वाची मांडणी सैल होती असे म्हणावे लागते.

या सोपानाचा मराठीतील सर्वांत निर्भीड प्रयोग म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' (१९२६) होय. ज्या समाजात विवाह हा अनादि संस्कार मानला जात होता, त्यास राजवाड्यांनी सांगितले की, आपल्या अतिप्राचीन पूर्वजांत स्त्रीपुरुषसंबंधास आजच्यासारखे बंधन नव्हते, आणि आजचा विवाह अनेक अवस्थांतून येथवर आला आहे. महाभारतातील श्वेतकेतूची कथा, यज्ञविधींतील आजच्या मनास चमत्कारिक वाटणारे भाग, शब्दांच्या व्युत्पत्ती, असा पुरावा त्यांनी कोणाचीही भीड न धरता मांडला. पूर्वजांविषयीचा अभिमान ज्याच्या रोमरोमांत भिनलेला, त्याच पुरुषाने हे लिहावे यात त्यांची सत्यनिष्ठा दिसते.

असे असूनही ग्रंथाची पद्धती तपासल्यावाचून राहवत नाही. कथेत जुन्या चालीचा उल्लेख आला म्हणजे ती चाल एके काळी सर्व समाजाची होती, असे राजवाडे धरून चालतात. मर्यादा कोणी घातली हे सांगण्यासाठी पूर्वी मर्यादा नव्हती असे कथाकारास कल्पावेच लागते, ही शंका त्यांस शिवत नाही. अवस्थांचा क्रम पुराव्यातून निघत नाही. तो अगोदरच ठरलेला असून पुरावा त्याच्या खणांत बसविला जातो. मॉर्गनच्या सोपानाशी या मांडणीचे साम्य उघड आहे. आणि गंमत अशी की, खुद्द डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात, नरांमधील मत्सराचा विचार करता आदिमानवांत सर्वस्वी अनिर्बंध संबंध असणे संभवत नाही, असे मत दिले होते. १८९१ साली वेस्टरमार्कने विवाहाच्या इतिहासावरील ग्रंथात तोच पक्ष विस्ताराने मांडला. राजवाड्यांच्या ग्रंथात ज्यास आपण उत्क्रांतितत्त्व म्हणून ओळखतो, त्याची डार्विनशी गाठ फार थोडी आहे.

ओळीने मांडलेले क्रमांक काळाचा भास कसा उत्पन्न करतात, याचा दाखला आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांस घराजवळच मिळतो. वेरूळला ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. पाहुणा दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जातो आणि आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन असा काळाचा क्रम मनात घेऊन घरी परततो. जुने पंडितही बरेचसे असेच मानीत. परंतु शैली व कोरीवकाम यांची बारकाईने छाननी झाल्यावर, २१ आणि २९ या क्रमांकांची शैव लेणी सहाव्या शतकातील असून तेथील बौद्ध लेण्यांच्या आधी कोरलेली असावीत, असे आज अनेक अभ्यासक मानतात. क्रमांक डोंगराच्या कडेने घातलेले होते; त्यांस काळाचा सोपान आपण समजलो. समाजाच्या अवस्थांविषयी नेमके हेच घडले आहे.

सोपान सोडून दिल्यास अभ्यासकाने काय करावे, याचे उत्तर राजवाड्यांच्या ग्रंथापूर्वी दहा वर्षे एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने दिले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढे, भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि वाढ या विषयावर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे शिष्य; सर्व मानवजात एकाच शिडीने चढते या मताविरुद्ध बोआसांनी तेथे मोहीमच उघडली होती. निबंधाच्या नावात उत्पत्ती आणि वाढ यांच्याही आधी 'यंत्रणा' हा शब्द आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जात कोणत्या पायरीवरची, हे आंबेडकर विचारीत नाहीत. हे कुंपण रोजच्या रोज टिकते कशाने, हे विचारतात.

त्यांचे उत्तर थोडक्यात असे. सगोत्र विवाहाचा निषेध, म्हणजे बहिर्विवाह, ही येथील जुनी रीत. तिच्यावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले म्हणजे जात झाली. एखाद्या गटाने विवाहापुरते दार लावून घेतले की, स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राखणे त्यास भाग पडते. पती मरतो, तेव्हा मागे राहिलेली विधवा 'जादा' ठरते. तिला जाळावे किंवा आमरण वैधव्यात ठेवावे. पत्नी मरते, तेव्हा विधुर जादा ठरतो. त्यास जाळणे गटास परवडत नाही, म्हणून अजून उपवर न झालेल्या मुलींतून त्याच्यासाठी वधू आणावी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने एकाच कुंपणाच्या तीन खुंट्या ठरतात. एका गटाने दार लावले. इतरांनी काही अनुकरणाने लावले, काहींस ते बाहेरून लावलेले आढळले. जो गट जितका जवळचा तितके त्याचे अनुकरण पुरे, हेही त्यांनी दाखविले.

डार्विनचे नाव न घेताही ही विचारपद्धती त्याच्या अधिक जवळची आहे. लहान, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या, तपासून पाहता येणाऱ्या कारणांतून मोठा परिणाम कसा उभा राहतो, हे दोघेही दाखवितात. निबंधात उणीव नाही असे नाही. पहिल्या गटाने दार का लावले याचा उलगडा त्यात पुरता होत नाही, आणि अनुकरणाच्या तत्त्वावर इतका भार टाकल्याने जमीन, सत्ता आणि सक्ती यांचा भाग झाकला जातो. १९३६ साली 'जातिसंहारा'वरील भाषणात त्यांनी स्वतःच धर्मग्रंथांच्या सत्तेकडे बोट दाखवून ही बाजू बरीच भरून काढली. जातीमुळे वंश सुधारतो या सुप्रजाजननवादी युक्तिवादासही तेथेच उत्तर आहे: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एकच.

हे नुसते मत राहिले नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी, सामाजिक दर्जा जितका उच्च तितके नाक अरुंद, असा नियमच सांगितला होता. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापे पुन्हा तपासली आणि हिंदुस्तानी मुलुखाबाहेर हा क्रम जुळत नाही, असे दाखविले. इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या; हे गृहस्थ पुढे नाझी वंशवादाचे आधारस्तंभ झाले. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध असावा अशी गुरूची अपेक्षा होती. शिष्येने कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. पुढे महाराष्ट्रातील जातींचा अभ्यास करताना, एकाच नावाच्या व दर्जाच्या पोटजाती मुळात एकाच जातीच्या फुटून झालेल्या नसाव्यात, निरनिराळे गट त्या नावाखाली एकत्र आले असावेत, असे त्यांनी मांडले. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील बहुतेक सर्व गटांत मोठा संकर झाला आणि त्यानंतर तो थांबत गेला, असा निष्कर्ष काढला. आधी मिसळण, मग कुंपण. १९१६ च्या निबंधातील क्रम हाच आहे.

आंबेडकरांनी १९५० साली या शहरात जे महाविद्यालय सुरू करविले, त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले: नागसेनास प्रश्नांनी भंडावून सोडणाऱ्या राजाचे नाव. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाची संस्था ज्या गावात आहे, तेथील शिक्षकाने उत्तर अर्धे ठेवू नये. म्हणून त्या मुलीस आता एवढे सांगावयाचे आहे. बाई, तुझी माणसे गावकुसाबाहेर राहिली त्यात सृष्टीच्या नियमाचा हात नाही. ते दार माणसांनी लावले, त्यास कारणे होती, ती शोधता येतात, आणि तुझ्याच गावात महाविद्यालय काढणाऱ्याने त्यांचा शोध शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आरंभला. तो निबंध लहान आहे. एका संध्याकाळी वाचून होईल. वाचून झाल्यावर त्यातील उणिवाही घेऊन ये, म्हणजे पुढचे व्याख्यान तेथून सुरू करू.