निळ्या छापांवरील ठिपके आणि एक घाईचे उत्तर

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) परिसरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही मुलांनी केलेले निळे छाप पाहिले. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणाचा लेप दिलेल्या कागदावर पान ठेवायचे, कागद उन्हात ठेवायचा आणि मग पाण्याने धुवायचा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही रीत. इमारतींचे जुने ‘ब्ल्यू प्रिंट’ असेच निघत. छाप सुरेख होते. कडुनिंबाच्या पानाची दातेरी कड तर सुरीने कापल्यासारखी उमटली होती.

आमचा आक्षेप मांडणीवर आहे. स्वच्छ छाप भिंतीवर होते आणि ठिपके पडलेले छाप टेबलाखाली गठ्ठा करून ठेवले होते. तक्त्यावर खुलासा एका ओळीचा: ‘पाणी दुष्फेन असल्यामुळे ठिपके पडतात.’

यात तथ्य अजिबात नाही असे नाही. दुष्फेन पाण्यातील बायकार्बोनेटांमुळे ते किंचित आम्लारिधर्मी असते, आणि प्रशियन निळ्याला आम्लारी सोसत नाही. पण कागद तर सबंध त्याच पाण्यात बुडतो. मग सगळाच छाप फिकट व्हायला हवा. मोहरीएवढे ठिपकेच का?

आम्ही गठ्ठा बाहेर काढून भिंगाखाली धरला. बहुतेक ठिपके गडद निळे होते आणि तेही पानाखालच्या पांढऱ्या भागात, म्हणजे जेथे ऊन पोचलेच नव्हते तेथे! ऊन जे काम करते ते येथे दुसऱ्या कोणीतरी केले होते. उन्हातील अतिनील किरण फेरिक लोहाचे क्षपण करून फेरस लोह बनवतात, आणि त्यापासून निळा रंग तयार होतो. धातुरूप लोखंडाचा कण हेच काम अंधारातही करतो. गंज मात्र करत नाही, कारण त्यातील लोह फेरिकच असते. चौकशी करता कळले की लेप लावण्याचे टेबल चुंबकाच्या बलरेषा दाखवण्याचेही होते. तेथे लोहकीस सांडलेला असणारच. पडताळणी सोपी आहे: एक कागद त्या टेबलावर व दुसरा व्हरांड्यात स्वच्छ काचेवर लेपावा, दोन्ही अंधारात वाळवावेत आणि ऊन न दाखवताच धुवावेत.

काही गोल पांढरे ठिपके लेपातील बुडबुड्यांचे दिसले. पिवळसर तपकिरी डागांचे मूळ बहुधा भिंतीच्या चुन्याच्या पोपड्यांत होते. वाया गेलेल्या छापावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की तसाच डाग पडतो. आम्लारीचा तर्क येथे लागू पडतो, पण दोष पाण्याचा नव्हे.

तक्त्यावरील उपाय, ‘धुण्याच्या पाण्यात आम्ल घालावे’, आम्हांला धोक्याचा वाटतो. चमचाभर व्हिनेगर चालेल. तीव्र आम्ल मात्र वर्ज्य. फेरिसायनाइड त्यात तापल्यास विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो.

नववीतील एक मुलगी आम्हांला म्हणाली, “घरी लेप लावलेला माझा कागद स्वच्छ निघाला, शाळेत लावलेल्यावर ठिपके आले. धुतले दोन्ही एकाच हापशाच्या पाण्याने.” तिने हे वर्गातही सांगितले होते. तोवर तक्ता रंगवून झाला होता.