व्हेनिसमधील माती आणि भट्टीचा विसर

सिसिलिया आलेमानी यांनी संयोजित केलेल्या 2022च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, मातीला उपयोजित कलेच्या कोपऱ्यातून बाहेर काढून चित्र आणि ब्राँझ यांच्या बरोबरीने मांडले गेले. हा सन्मान उशिरा मिळाला असला तरी रास्त होता. मात्र त्यावरील समीक्षा बहुधा मातीच्या प्रतीकार्थापाशी थांबते आणि भट्टीत काय घडले याचा विचार करीत नाही, ही उणीव गंभीर आहे.

सिमोन ली या व्हेनिसमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री कलावंत. त्यांच्या दालनातील ‘जग’ (Jug, म्हणजे सुरई) हे शिल्प स्टोनवेअरचे, म्हणजे अतिउच्च तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट झालेल्या मातीचे होते. कवड्यांच्या आकारांनी मढवलेल्या या पांढऱ्या कुंभामागे दक्षिण कॅरोलायनातील एजफील्ड येथे एकोणिसाव्या शतकात गुलाम कुंभारांनी घडवलेल्या मुखाकृती सुरयांची परंपरा आहे. लींना सुवर्णसिंह हा द्वैवार्षिकीचा पुरस्कार मिळाला तो मात्र मुख्य प्रदर्शनातील ‘ब्रिक हाउस’ या भव्य ब्राँझशिल्पासाठी. पुरस्कार योग्यच होता, तरीही झिलईच्या, म्हणजे भाजताना वितळून काचेसारख्या बनलेल्या थराच्या, ओघळांतून प्रकटणारे लींचे सामर्थ्य त्या गौरवाच्या झोतात काहीसे मागे पडले.

नैरोबीत 1950 साली जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो यांच्या पात्रांपुढे तर प्रतीकांची भाषा अपुरीच पडते. त्या चाक न वापरता हाताने पात्र उभारतात, त्यावर अतिसूक्ष्म मातीचा पातळ लेप देऊन ते घोटतात आणि झिलई न देता भाजतात. भट्टीत प्राणवायू भरपूर असेल तर पात्र नारिंगी-तांबडे होते. तेच पात्र पुन्हा भाजताना हवा कोंडली की धूर व कर्ब यांमुळे ते काळे पडते. त्यांच्या पात्रांचा काळा रंग असा विस्तवातून उमटलेला असतो, आणि पोटाची फुगवट व मानेचा झुकाव यांचा तोलही त्या रंगाखेरीज समजत नाही. याच प्रदर्शनात तोशिको ताकाएझू (1922–2011) यांची जवळजवळ बंद तोंडाची पात्रे होती. पात्राचा उपयोग जवळपास नाहीसा करूनही पात्रपण कसे टिकवता येते, याचा इतका निर्णायक पुरावा दुसरा सापडणे कठीण.

तिथेच गॅब्रिएल चाइले या अर्जेंटिनी शिल्पकाराने आपल्या कुटुंबीयांची रूपे मातीच्या चुलाण्यांच्या आकारात उभी केली. ती प्रभावी होती, परंतु त्यांच्या प्रचंड आकाराचीच चर्चा अधिक झाली. पुढे 2024च्या द्वैवार्षिकीत पॅराग्वेमधील इता येथील हुआना मार्ता रोदास आणि त्यांची कन्या हुलिया इसिद्रेस यांची मृत्पात्रे आली, तेव्हा एका घराण्यात जपलेले कौशल्य जागतिक दालनात पोहोचले.

भारतातही 2018 साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकी भरली आणि या माध्यमाला स्वतंत्र व्यासपीठ लाभले. अशा प्रदर्शनांच्या संयोजकांनी प्रत्येक कृतीशेजारी माती कोणती, घडण कशी आणि भाजणी कोणत्या वातावरणात झाली एवढे तरी नोंदवावे, आणि समीक्षकांनी भट्टीपाशी जाऊन मगच लेखणी उचलावी.